सोनेरी झगा, संगमरवरी खांब आणि अफवांची देवी : म्युझिक व्हिडिओच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

म्युझिक व्हिडिओ करणाऱ्या दिग्दर्शकांना मी चित्रसंदर्भ शोधून देते. बसते पुण्यात, कामं बहुतेक परदेशातली. नातेवाइकांत मी ‘कॉम्प्युटरवरचं काम आहे’ एवढ्यावर भागवते, कारण पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. पण हल्ली अप्लाइड आर्टची, इतिहासाची, साहित्याची मुलंमुली विचारतात की यात शिरायचं कसं. म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आधी काम काय असतं ते. गाणं तयार होत आलं की रेकॉर्ड कंपनी काही दिग्दर्शकांना गाण्याची फाइल आणि एक छोटा ब्रीफ, म्हणजे काय हवंय त्याचं टिपण, पाठवते. त्यावर प्रत्येक दिग्दर्शक आपली कल्पना पीडीएफमध्ये मांडतो. तिला ट्रीटमेंट म्हणतात, तिच्या पानांच्या फाइलला डेक, आणि काम मिळवण्यासाठी ती मांडण्याला पिच. कथा, रंग, प्रकाश, कपडे, जागा, नाच, सगळं त्यात चित्रांसकट येतं. मजकूर दिग्दर्शकाचा किंवा त्याने नेमलेल्या लेखकाचा. चित्रं शोधणं आणि पानं लावणं हे आपलं. मुदत दोन-तीन दिवसांची, आणि त्यातही पहिला दिवस दिग्दर्शकाला नेमकं काय हवंय हे कळण्यात जातो.

ब्रीफमध्ये काही शब्द फिरून फिरून येतात, त्यातला एक म्हणजे ‘ग्रीक गॉडेस’. तो वाचला की नवशिक्याचा हात सरळ सर्चकडे जातो आणि अर्ध्या तासात पांढरे खांब, सोनेरी पट्टे, द्राक्षांचे घड असलेली शंभर चित्रं फोल्डरमध्ये येऊन पडतात. ही शंभर चित्रं दिग्दर्शकालाही सापडतात, फुकट. आपल्याला पैसे मिळतात ते गाणं आणि पुराणकथा नेमकी कुठे एकमेकींना अडकतात ते दाखवण्याचे.

हे शिकवायला मी एकच उदाहरण वापरते : लिझो आणि कार्डी बी या अमेरिकन गायिकांचं ‘रूमर्स’ (अफवा). १३ ऑगस्ट २०२१ला आलं आणि बिलबोर्ड हॉट १००मध्ये थेट चौथ्या क्रमांकावर उतरलं. व्हिडिओ युक्रेनच्या तानू मुइनोचा. या व्हिडिओशी माझा कामाचा काहीही संबंध नाही. मी बाहेरून बघून बोलतेय. गाण्याचा विषय सरळ आहे : लोक माझ्याबद्दल काय काय बोलतात, आणि बोलू देत. पडद्यावर दोघी सोन्याने मढलेल्या देवी, भोवती खांब, रंगवलेली ग्रीक भांडी, नाचणाऱ्या बायका. बघणाऱ्यांना डिस्नेच्या १९९७च्या ‘हर्क्युलिस’मधल्या, गॉस्पेल ढंगात गाणाऱ्या पाच म्यूझेस (ग्रीकांच्या कलांच्या देवी) लगेच आठवल्या.

आता स्वाध्याय. समजा व्हिडिओ अजून झालेलाच नाही. तुमच्या हातात फक्त अफवांवरचं गाणं आणि ‘ग्रीक’ हा शब्द आहे. काय शोधाल?

ग्रीकांकडे अफवेचीच एक देवी आहे, फेमे. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड ‘वर्क्स अँड डेज’च्या शेवटाकडे सांगतो की कुजबुज उठवायला सोपी, वाहायला जड आणि खाली ठेवायला अवघड, पुष्कळ तोंडांनी बोललेली गोष्ट पुरती मरत नाही, तीही एक प्रकारची देवीच. पुढे रोमन कवींनी तिला अंगरूप दिलं. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या चौथ्या सर्गात डायडो आणि ईनिअसच्या प्रेमाची बातमी ती गावोगाव पोचवते. तिच्या अंगावर जितकी पिसं तितकेच डोळे, तितक्याच जिभा, तितकेच टवकारलेले कान. ओव्हिडने तिला घर दिलं : जमीन, समुद्र आणि आकाश जिथे भेटतात तिथे, घुमणाऱ्या पितळेचं, हजार भोकांचं, दाराशिवायचं. सेटवाल्यांच्या दृष्टीने ही आयती पर्वणी आहे. पितळी भिंती, त्यांना छिद्रं, प्रत्येक छिद्रातून आवाज आणि उजेड आत येतोय. मात्र डेकमध्ये ‘ग्रीक’ आणि ‘रोमन’ वेगळं लिहायचं. दिग्दर्शकाला फरक पडत नसेल, पण व्हिडिओ आल्यावर अभ्यासक लोक समाजमाध्यमांवर तुटून पडतात तेव्हा पडतो.

दुसरा धागा म्यूझेसचा. त्या झूस आणि स्मृतिदेवता म्नेमोसिनी यांच्या नऊ मुली, हे कुणीही सांगेल. पण त्याच हेसिअडच्या ‘थिऑगनी’च्या सुरुवातीला, हेलिकॉन डोंगराच्या पायथ्याशी मेंढ्या राखणाऱ्या कवीला त्या भेटतात तेव्हा काय म्हणतात? की आम्हाला खऱ्यासारखं वाटणारं खोटं पुष्कळ सांगता येतं, आणि मनात आलं तर खरंही. अफवांच्या गाण्यात मागे कोरस म्हणून म्यूझेस उभ्या करायच्या असतील तर याहून चांगलं कारण नाही. हे एक वाक्य डेकमध्ये असलं की नाचणाऱ्या बायका शोभेच्या राहत नाहीत.

जाता जाता : लिझो शिकलेली बासरीवादक आहे, आणि युटर्पी या म्यूझच्या हातात जोडनळ्यांचा ऑलॉस असतो. मोह होईल, पण तिथे बासरी म्हणून ऑलॉस दाखवू नका. तो जिभाळीवर वाजणारा, सनईच्या कुळातला.

तिसरा धागा सोन्याचा, आणि माझा सगळ्यात लाडका. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळात शिल्पकार फिडिअसने घडवलेली अथीनाची सोन्या-हस्तिदंताची मूर्ती इ. स. पूर्व ४३८मध्ये प्रतिष्ठापित झाली. इतिहासकार थ्यूसिडिडीस तिच्यावरचं सोनं ४० टॅलेंट सांगतो, म्हणजे हजार किलोच्या वर. गावात बोलवा उठली की फिडिअसने सोनं खाल्लं. चरित्रकार प्लुटार्क लिहितो की अथेन्सचा नेता पेरिक्लीज याच्या सल्ल्याने ते सोनं सुटं करता येईल असंच बसवलेलं होतं. ‘काढा आणि तोला,’ असं त्याने सांगितलं आणि चोरीचा आरोप टिकला नाही. मग लोकांनी दुसरा आरोप काढला, की देवीच्या ढालीवर याने स्वतःचाच चेहरा कोरलाय. देवी, सोनं आणि गावगप्पा एकाच गोष्टीत! सोनेरी झगा घातलेली गायिका तो तुकड्या-तुकड्याने उतरवून तराजूत टाकतेय, अशी एक फ्रेम मी या स्वाध्यायाच्या पानावर नेहमी ठेवते.

प्रत्यक्ष व्हिडिओत यातलं फेमेचं घरही नाही आणि तराजूही नाही. मला विचाराल तर डोळ्या-जिभांची देवी न वापरणं ही हुकलेली संधी आहे. पण दोन काळ्या गायिका संगमरवरी जगाच्या मधोमध बसून हसताहेत, एवढंच चित्र स्वतःच पुरेसं बोलतं, हेही मान्य करायला हवं. व्हिडिओ आल्यावर दोन-तीन दिवसांतच लिझोला रंगावरून आणि शरीरावरून इतकी शिवीगाळ झाली की ती इन्स्टाग्राम लाइव्हवर रडली.

त्याच अनुषंगाने पांढऱ्या रंगाचं सांगते. ग्रीक पुतळे मुळात रंगवलेले असत. २००३ साली म्युनिकमध्ये या रंगांच्या पुनर्रचनांचं प्रदर्शन भरलं, नंतर ते जगभर फिरलं. लाल, निळे, हिरवे नक्षीदार कपडे घातलेला धनुर्धारी एकदा पाहिला की पांढराशुभ्र ग्रीस फार अळणी वाटतो. तुमच्या डेकमध्ये एक पान तरी रंगीत पुतळ्यांचं असू द्या. कॅमेरामन तिथे थांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कपड्यांचं मात्र वाचून कळत नाही, करून बघावं लागतं. घरातला दुहेरी पलंगपोस घ्या. वरचा तिसरा भाग बाहेरच्या बाजूला दुमडा, अंगाभोवती घ्या, दोन्ही खांद्यांवर एकेक सेफ्टी पिन, कमरेला पट्टा, आणि पट्ट्यावरून कापड थोडं ओढून झोळ काढा. झाला पेप्लॉस, ग्रीक बायकांचा झगा. नऊवारीसारखंच, शिवण नाही, सगळी करामत नेसण्यात. आता हात वर करा : खालची कड वर जाते. पाय टाका : एक बाजू उघडी पडते. स्पार्टाच्या मुलींना याच उघड्या बाजूवरून ‘मांड्या दाखवणाऱ्या’ म्हणून हिणवत. नृत्यदिग्दर्शकाला हे आधी सांगितलं तर तो हालचाल तशी बसवतो. नाही सांगितलं तर शूटच्या सकाळी कापड चिकटपट्टीने अंगाला चिकटवत बसतात आणि सगळं लाकडी दिसतं. बाह्यांवर ओळीने बटणं दिसली तर तो पातळ तागाचा किटॉन, पेप्लॉस नव्हे.

संदर्भ किती दाखवायचा याचंही तारतम्य लागतं. ‘रूमर्स’च्याच वर्षी, २०२१च्या मार्चमध्ये आलेल्या अमेरिकन रॅपर लिल नास एक्सच्या ‘मॉन्टेरो’त (दिग्दर्शनात तो स्वतः आणि हीच तानू मुइनो) झाडाच्या खोडावर प्लेटोच्या ‘सिम्पोझिअम’मधली ग्रीक ओळ कोरलेली आहे, दुभंगलेल्या माणसाचे दोन अर्धे एकमेकांसाठी झुरतात ती. क्षणभरच दिसते, पण गाण्याचा सगळा अर्थ तिच्यात आहे. असं एक खोड सापडलं तर तुमचं नाव पुढच्या कामासाठी लक्षात राहतं.

जागेबद्दल थोडक्यात. लेडी गागाच्या ‘जी. यू. वाय.’चं चित्रीकरण फेब्रुवारी २०१४मध्ये कॅलिफोर्नियातल्या हर्स्ट कॅसलमध्ये, नेपच्यून पूलवर झालं. गाण्याच्या सुरुवातीला हिमेरॉस या कामदेवतेचं नाव येतं, आणि त्या तलावाच्या काठावरच्या देवळात खरे प्राचीन रोमन अवशेष बसवलेले आहेत. राज्यात तेव्हा दुष्काळ होता आणि तलाव गळका. गागाने हर्स्ट कॅसल फाउंडेशनला अडीच लाख डॉलर दिले, शिवाय पाण्याच्या अभ्यासासाठी २५ हजार. तलाव, कारंजं, धबधबा सुचवताना पाणी कुठून येणार ही ओळ डेकमध्ये असलेली निर्मात्यांना आवडते.

अभ्यास कुठे करायचा? देवदेवतांचे मूळ उतारे एकत्र पाहायला थिओई ही वेबसाइट, ग्रंथ वाचायला टफ्ट्स विद्यापीठाची पर्सियस लायब्ररी, भांड्यांसाठी ऑक्सफर्डचं बीझली अर्काइव्ह. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाची ओपन अॅक्सेसमधली चित्रं स्वतःच्या पोर्टफोलिओत बिनधास्त वापरता येतात. भांडी काळ्या आकृत्यांची की लाल, एवढं तरी नजरेला ओळखता आलं पाहिजे; लाल आकृत्यांची पद्धत अथेन्समध्ये इ. स. पूर्व ५३०च्या सुमारास सुरू झाली. आणि प्रत्यक्ष वस्तू बघायची तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचा संदर्भ हाताशी ठेवा : ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथली. रोमन व्यापारातून आलेली. वजन कुठल्या पायावर टाकलंय ते बघा. पॉप व्हिडिओतले देव नव्वद टक्के वेळा चुकीचे उभे असतात असं माझं (अत्यंत पक्षपाती) मत आहे.

एआयने बनवलेली चित्रं हल्ली डेकमध्ये सर्रास येतात. मूडसाठी ठीक. पण ‘ग्रीक भांडं’ मागितलं तर ते अर्थहीन अक्षरांची कड देतं, आणि ती तशीच छापून सेटवर पोचते.

व्यवहाराचं. पिच हरलं तरी आपले पैसे मिळणार की नाही, हे गाण्याची फाइल उघडायच्या आधी ईमेलवर विचारा. गाणं अप्रकाशित असतं, गोपनीयतेच्या करारावर सही होते. त्यामुळे ‘मी अमक्याचं गाणं ऐकलंय’ हे मित्रालाही सांगायचं नाही. एका निर्मात्यांनी माझी पानं दुसऱ्याच पिचमध्ये वापरली होती, तेव्हापासून संपादन करता येणारी मूळ फाइल मी पैसे आल्यावरच देते. परदेशी बिलासाठी सीएला गाठून सेवांची निर्यात, एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) आणि बँकेकडून मिळणारा परकीय रकमेचा दाखला हे तीन विषय समजून घ्या. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. आपण दिवसभर काम करून रात्री पाठवायचं, त्यांचे शेरे सकाळी चहाबरोबर वाचायचे. लग्नसराईत हे फार सोयीचं पडतं.

मला तुमच्या कामाचा नमुना पाठवायचा असेल तर करारात अडकलेली खरी पानं पाठवू नका. बाजारात आलेलं कुठलंही गाणं घ्या, व्हिडिओ बघण्याआधी तीन पानं करा : एक कथेतल्या कृतीचं, एक कापडाचं, एक जागेचं. प्रत्येक चित्राखाली ते कुठल्या संग्रहालयातलं, कुठल्या काळातलं, आणि गाण्याच्या कितव्या सेकंदाला वापरायचं ते लिहा. फाइल दहा एमबीच्या आत.