काटा चढला की सेन्सरच बदलायचा? जुन्या गाडीत या चुका टाळा

मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या पुढे गेला की जुनी मारुती ८००, झेन, एस्टीम जपून ठेवलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: टेम्परेचरचा काटा वर चाललाय. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर तर हमखास. त्यावरचा उपायही ठरलेला असतो, "सेन्सर गेलाय, बदलून टाकू." सेन्सर बदलला जातो, काटा होता तिथेच राहतो. मग थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढतात, मग फॅन डायरेक्ट करतात, आणि दोष शेवटी एखाद्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये सापडतो. माझा आग्रह एवढाच की आधी मोजा, मग पाना हातात घ्या.

काटा खोटं बोलतोय असं आधीच धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घाटात काटा लालवर गेला तर एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करून थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, तोंड-हात भाजतात. आणि चढलेला काटा एकाएकी खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळून सेन्सरच्या टोकाभोवती नुसती हवा उरली की काटा पडतो, इंजिन मात्र तापतच असतं. म्हणून तपासणीची सुरुवात नेहमी थंड इंजिनात कूलंटची पातळी बघूनच करावी.

दुकानात जाऊन नुसतं "टेम्परेचर सेन्सर द्या" म्हणू नका. बऱ्याच जुन्या इंजेक्शन गाड्यांत दोन वेगळे सेन्सर असतात: एका वायरीचा, जो फक्त मीटरचा काटा हलवतो, आणि दोन वायरींचा, जो ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तापमान कळवतो. काही गाड्यांत रेडिएटरचा फॅन चालवायला तिसरा, स्वतंत्र स्विच असतो. काटा वेडावाकडा पण गाडी छान चालते, तर पहिल्याकडे बघा. काटा मधोमध स्थिर, पण काळा धूर, पेट्रोलचा वास, ॲव्हरेज घसरलेलं, तर दुसऱ्याकडे. एसी लावल्यावर फॅन फिरतो आणि एरवी इंजिन तापलं तरी फिरत नाही, तर मोटर ठीक आहे. स्विच, रिले किंवा वायरिंग तपासा. कार्ब्युरेटरच्या गाडीत ईसीएमचा सेन्सर शोधत बसू नका, बहुतेकींत तो नसतोच.

एका वायरीचा सेन्सर तपासणं सोपं आहे. चावी ऑन करून त्याची वायर काढा, बहुतेक गाड्यांत काटा तळाला जातो. तीच वायर एका छोट्या बल्बमधून क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवा, काटा वर सरकला पाहिजे. सरकला तर मीटर आणि वायर दोन्ही शाबूत, संशय सेन्सरवर. या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो, त्यामुळे गळती नको म्हणून टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली की नवाकोरा सेन्सरही चुकीचं दाखवतो. टेम्परेचरबरोबर पेट्रोलचा काटाही भलतंच सांगत असेल, तर सेन्सरला हात न लावता मीटरच्या मागचा व्होल्टेज रेग्युलेटर आणि अर्थ बघा.

दोन वायरींच्या सेन्सरवर खरी मेहनत घ्यावी. तो तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. सेन्सर थंड इंजिनातून काढा, दोन्ही पिनांना मल्टिमीटर लावा, टोक पातेल्यातल्या पाण्यात बुडवा (पिना कोरड्या राहू द्या) आणि थर्मामीटर ठेवून गॅस मंद करा. २० अंशांना साधारण दोन ते तीन किलोओहम, ८० अंशांना सुमारे ३०० ओहम, हा बऱ्याच गाड्यांतला हिशेब; नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा उकळीला १०० धरू नका. आकड्यापेक्षाही त्याची चाल बघा. तो सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच ६०-७० अंशांना उडी मारली किंवा मल्टिमीटर 'ओपन' (सर्किट तुटलेलं) दाखवू लागला, तर तो सेन्सर गेला. थंड गाडीवर घाईघाईने एकदाच मोजणाऱ्याला हा दोष सापडत नाही.

स्कॅनर लागत असेल तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी ऑन करून कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. स्कॅनरवर पी०११८ हा दोषाचा कोड आला म्हणजे सेन्सर खराबच, असं नाही. सेन्सरचं सर्किट बहुधा कुठेतरी तुटलंय एवढाच त्याचा अर्थ. कनेक्टर काढल्यावर सहसा उणे ४० दिसतं. कनेक्टरच्या दोन वायरी तारेने जोडल्यावर आकडा एकदम कमाल टोकाला गेला, तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदला. गेला नाही, तर वायर उंदराने कुरतडली आहे का, पिनांवर हिरवट थर आहे का, ते तपासा.

"आपल्याकडे गरमी असते, थर्मोस्टॅट हवा कशाला?" हा सल्ला कृपा करून ऐकू नका. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि बिचारा चांगला सेन्सर बदलला जातो.

नवा सेन्सर बसवताना वॉशर नवा घाला आणि बेताने आवळा, हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर आटे सहज जातात. कूलंट भरून हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि फॅन आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा. उतरली असेल तर तेवढं कूलंट भरा.