रुआ या हूण राजावर टिपण लिहिताना

आधी नाव पक्कं करा. रुआ, रुगा, रुगिला, रोआस ही एकाच माणसाची नावं, ग्रीक आणि लॅटिन लेखकांनी आपापल्या कानाने टिपलेली. 'रुआ' घ्या, बाकीची सुरुवातीला एकदाच सांगा. नाहीतर वाचकाला दोन-तीन राजे वाटतात.

मग नातं. रुआ, ऑक्टार, मुंडझुक आणि ओएबार्सियस हे भाऊ. मुंडझुक हा अटिला आणि ब्लेडाचा बाप, म्हणजे रुआ अटिलाचा चुलता. इंग्रजीतल्या 'अंकल'वरून मामा लिहिला जातो, तो चुकीचा. ऑक्टार इ.स. 430च्या सुमारास बर्गंडियन या जर्मानिक लोकांवरच्या मोहिमेत मेला. त्यानंतर रुआ एकटा प्रमुख दिसतो.

रुआच्या आधीच्या उल्डिन किंवा बालांबेर या हूण प्रमुखांना याच वंशात ओवू नका. तसा पुरावा नाही. बालांबेर तर फक्त योर्डानेस या सहाव्या शतकातल्या इतिहासकाराकडे भेटतो, आणि हा इतिहासकार रुआनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहीत होता.

आता सोनं. इथे घाई नको, कारण रुआची ताकद इथेच मोजता येते. पूर्व रोमन दरबार त्याला वर्षाला 350 पौंड सोनं देत असे. हा आजचा पौंड नव्हे. रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा, आणि एका पौंडात 72 सॉलिडस नाणी. म्हणजे 25,200 नाणी, जवळपास 114 किलो, आपल्या हिशेबात 9,800 तोळ्यांच्या आसपास. आजच्या 454 ग्रॅमने गुणलंत तर 159 किलो येतात आणि पुढचा सगळा हिशेब फुगतो. 700 पौंडांचा आकडा रुआच्या नावावर घालू नका. तो त्याच्या मृत्यूनंतर डॅन्यूबकाठच्या मार्गुस शहरात झालेल्या तहात ठरला, अटिला आणि ब्लेडाच्या काळात. 2,100 पौंड तर त्याहून नंतरचे.

'हूणांना एक केलं' हे वाक्य लिहायचं असेल तर शेजारीच दुसरी बाजू द्या. प्रिस्कस हा पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार सांगतो की अमिल्झुरी, इतिमारी, तौन्सुरी, बोइस्की या डॅन्यूबकाठच्या टोळ्या रोमनांच्या आश्रयाला गेल्या होत्या. त्यांना परत करा, नाहीतर तह मोडतो, असा निरोप घेऊन रुआने एस्ला नावाचा दूत पाठवला. सगळे राजीखुशीने एकत्र आले असते तर ही मागणी करावी लागली नसती. एकी होती, पण ती धाकाने आणि सोन्याने बांधलेली. टिपणाचा गाभा हाच ठेवा.

मृत्यूचं वर्ष 434 द्या. वीज पडून मेला ही कथा चर्चच्या इतिहासकारांची आहे. त्यांना पूर्व रोमन सम्राटाच्या प्रार्थनेचं फळ दाखवायचं होतं, म्हणून ती त्यांच्या नावानेच सांगा.

भारतीय वाचक तोरमाण आणि मिहिरकुल या भारतातल्या हूण राजांबद्दल विचारणारच. ते सुमारे शतकभरानंतरचे. एरण आणि ग्वाल्हेरच्या शिलालेखांतून त्यांची ओळख पटते. 'हूण' हे नाव सारखं असलं तरी रुआच्या घराण्याशी त्यांचं नातं जोडू नका.