आयफोनवर चौकशीचा फॉर्म अर्धवट सुटतो : माझा अनुभव

सोलापुरी चादरींच्या एका घाऊक व्यापाऱ्यांच्या लँडिंग पेजवर (जाहिरातीवरून उघडणाऱ्या पानावर) जाहिरातींमधून लोक येत होते, पण आयफोनवरून फॉर्म जवळजवळ कोणीच पूर्ण करत नव्हते. मथळा, बटणाचा रंग, छायाचित्रे असे सगळे बदलून पाहिले, तरी फरक पडेना आणि पुरता वैताग आला.

प्रत्यक्ष आयफोनवर पान उघडल्यावर कारण दिसले. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीला बोट लावताच सफारी (आयफोनमधला ब्राउझर) पान मोठे करत होती आणि ‘दरपत्रक मागवा’ हे बटण उजवीकडे पडद्याबाहेर सरकत होते. चौकटीतील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की सफारी असे करते. इथे ती १४ होती.

प्रथम सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) इनपुट, सिलेक्ट आणि टेक्स्टएरिया या तिन्ही प्रकारच्या चौकटींचा फॉन्ट-साइझ, म्हणजे अक्षरांचा आकार, १६ पिक्सेल केला. मग क्रमांकाच्या चौकटीचा टाइप ‘टेल’ (tel, म्हणजे टेलिफोन) ठेवला, म्हणजे थेट अंकांचा कीबोर्ड उघडतो. ऑटोकम्प्लीटही ‘टेल’ दिले की फोन स्वतःच क्रमांक सुचवतो. त्यानंतर ईमेल आणि पत्ता काढून बटण क्रमांकाच्या लगेच खाली आणले. व्ह्यूपोर्टमध्ये (पान पडद्यावर कसे दिसावे हे सांगणाऱ्या कोडच्या ओळीत) झूम बंद करण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, पण त्यामुळे अधू नजरेच्या माणसांना बऱ्याच फोनवर मजकूर मोठा करून वाचता येत नाही, म्हणून तो कटाक्षाने टाळावा. शेवटी कॅशे (ब्राउझरने साठवलेली पानाची जुनी प्रत) रिकामी करून पुन्हा आयफोनवरच तपासले. पान जागेवर राहिले आणि चौकशा येऊ लागल्या.