पावसाळ्यातील शेळ्यांचे जंत: औषध कोणाला द्यावे, कोणाला नको

पाऊस सुरू होऊन कोवळे गवत उगवले की शेळ्यांमधील जंतांचा प्रादुर्भाव वाढू लागतो आणि त्याचा फटका सर्वांत आधी दूध तुटलेल्या करडांना व नुकत्याच व्यायलेल्या शेळ्यांना बसतो. उष्ण आणि दमट हवेत यांपैकी सर्वांत घातक ठरतो तो हिमोंकस हा गोल जंत. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. एका जंतामुळे दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे हजार जंत असलेल्या शेळीचे रोज सुमारे ५० मिलिलिटर. एक मादी दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक अंडी घालते. लेंड्यांबरोबर बाहेर पडलेल्या या अंड्यांतून ऊब व ओल मिळाल्यास आठवडाभरात अळ्या तयार होतात, ओल्या गवताच्या पात्यांवर चढतात आणि शेळीच्या पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत त्यांचे जंत होऊन पुन्हा अंडी घालू लागतात.

हगवण लागली तरच जंत झाले, असा समज अनेक पशुपालकांचा असतो आणि त्यातच मोलाचा वेळ जातो. हिमोंकसच्या बाधेत लेंड्या बहुधा नेहमीसारख्याच असतात. शेळी मात्र कळपामागे रेंगाळते, केस राठ होतात, डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू फिकट पडते आणि रक्तातील प्रथिने घटल्यामुळे जबड्याखाली मऊ सूज येते. उलट लहान करडांची हगवण पुष्कळदा कॉक्सिडिया या आतड्यातील एकपेशीय परजीवीमुळे असते आणि तिच्यावर जंतनाशकाचा काही उपयोग होत नाही. लेंड्यांवर दिसणारे तांदळासारखे पांढरे तुकडे पट्टकृमीचे असतात; ते पाहून घाबरायला होते, परंतु हिमोंकसइतके नुकसान ते सहसा करत नाहीत.

ठरावीक तारखेला सगळ्या कळपाला औषध पाजणे सोयीचे वाटते, पण आमचा आग्रह आहे की ही पद्धत सोडावी. कळपातील बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. सर्वांना वारंवार औषध दिल्यास केवळ औषधाला न जुमानणारे जंत शिल्लक राहतात आणि काही वर्षांत ते औषध त्या कळपात निकामी होते. त्याऐवजी पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी प्रत्येक शेळीची खालची पापणी उघडून, भर उजेडात, दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या ‘फमाचा’ रंगतक्त्याशी ताडून पाहावी. या तक्त्यातील १ व २ या लालसर श्रेणींतील सुदृढ शेळ्यांना औषधाची गरज नसते. ४ व ५ या फिकट श्रेणींतील शेळ्यांना ते विनाविलंब द्यावे. श्रेणी ३ मधील करडे, गाभण, दुभत्या आणि अशक्त शेळ्या यांनाही द्यावे. गोचीड व यकृतकृमी यांमुळेही पापणी फिकट होते, म्हणून शंका असल्यास लेंड्यांची तपासणी करून घ्यावी.

मात्रा अंदाजाने ठरवू नये, शेळीचे वजन करावे. शेळीचे शरीर अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला बऱ्याचदा अपुरी पडते; मात्र लेव्हामिसोलसारख्या औषधाची मात्रा जास्त झाल्यास विषबाधा होऊ शकते, म्हणून शेळीसाठीची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक टाळावे. औषध दिल्यानंतर दूध व मांस किती दिवस वापरू नये, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

चराईत थोडा बदल केला तरी औषधाची गरज कमी होते. बहुतेक अळ्या जमिनीपासून काही सेंटिमीटर उंचीपर्यंतच असतात, म्हणून गवत बोटभर उरेपर्यंत चारू नये, दव वाळल्यावरच शेळ्या सोडाव्यात आणि शक्य तितका झाडपाला उंचावर बांधून द्यावा. खाद्य जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्यावे. प्रथिनयुक्त खुराक मिळणाऱ्या शेळ्या जंतांचा भार अधिक चांगला सोसतात, आणि विण्याच्या सुमारास शेळीची प्रतिकारशक्ती घटते तेव्हा हा खुराक विशेष उपयोगी पडतो.

विकत आणलेली शेळी औषध देऊन दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी, नाहीतर तिच्याबरोबर औषधाला न जुमानणारे जंत कळपात येतात. औषध देण्यापूर्वी आणि त्यानंतर १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्यांतील अंडी मोजून घ्यावीत. अंड्यांत ९५ टक्क्यांहून कमी घट दिसली, तर त्याच गटातील, म्हणजे त्याच पद्धतीने जंत मारणारे, दुसऱ्या नावाचे औषध आणण्यात अर्थ नाही. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधाचा गटच बदलावा लागतो.