स्ट्रोकनंतरच्या जगण्याचा दर्जा मोजताय? या चुका टाळा

बार्थेल इंडेक्सवर १०० पैकी १०० गुण, आणि पेशंट तीन महिने सोसायटीच्या गेटबाहेर पडलेला नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. बार्थेल विचारतो जेवण, आंघोळ, कपडे, संडास-लघवी, चालणं, जिना अशा दहा गोष्टींबद्दल. स्वतःचं स्वतः जमतं का, एवढंच त्यातून कळतं. ठाण्याच्या तलावपाळीपर्यंत एकट्याने जायची भीती वाटते, शब्द अडतात म्हणून फोन उचलत नाहीत, भिशी सुटली, हे त्यात येत नाही. त्यासाठी स्ट्रोकनंतरच्या जगण्याच्या दर्जाची ४९ प्रश्नांची प्रश्नावली एसएस-क्यूओएल किंवा ५९ प्रश्नांचं स्ट्रोक इम्पॅक्ट स्केल घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो उत्तर कोण देतं यात. काकांना विचारावं तर काकू सांगतात, “अहो, कुठे जमतंय त्यांना!” जवळची माणसं बहुधा पेशंटपेक्षा कमी गुण देतात. नातेवाइकांना बाहेर बसवा. पेशंट उत्तर देऊच शकत नसेल तरच त्यांना विचारा, फॉर्मवर ‘नातेवाइकाने उत्तर दिले’ असं लिहा आणि पुढच्या वेळीही त्याच व्यक्तीला विचारा. एकदा काका, एकदा काकू असं करून आलेला फरक ‘सुधारणा’ म्हणून मांडू नका. बोलणं-समजणं बिघडलेल्यांसाठी ३९ प्रश्नांची एसएक्यूओएल ही प्रश्नावली वेगळी आहे.

“बरं चाललंय” हे उत्तर नव्हे, शिष्टाचार आहे. एसएस-क्यूओएल गेल्या आठवड्याबद्दल विचारते, म्हणून “काका, मागच्या मंगळवारपासून आजपर्यंत…” असा दिवस धरून विचारा. मनःस्थितीची विधानं नकारात्मक असतात. ‘भविष्याबद्दल निराश वाटलं’ यावर ‘अजिबात मान्य नाही’ म्हटलं की ५ पैकी ५ गुण. इथे पेशंट नुसती मान हलवतो आणि ती ‘मान्य नाही’ला आहे की निराशेला, ते कळत नाही. पर्याय मोठ्याने वाचा, बोट ठेवायला सांगा.

आणि बोट कुठे पडतं तेही बघा. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेल्या काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. पाच पर्याय आडव्या ओळीत छापले, तर डावीकडचे दोन त्यांच्यासाठी कागदावर नसतातच. पर्याय एकाखाली एक, मोठ्या अक्षरात, कागदाच्या उजव्या बाजूला छापा.

मोजे घालणं, झिप लावणं असेही प्रश्न आहेत. ठाण्याच्या मे महिन्यात मोजे कोण घालतं? पण असं म्हणून ऐनवेळी मनाने प्रश्न बदलू नका. एकाने ‘चप्पल’ विचारलं आणि दुसऱ्याने ‘साडीची पिन’, तर गुणांची तुलनाच होत नाही. तपासून घेतलेला मराठी अनुवाद वापरा आणि शब्द तेच ठेवा. थकवा आला की उत्तरं घाईत येतात. फिजिओनंतर लगेच नको, गरज पडली तर दोन बैठकांत घ्या.

एक्सेलमध्ये दिशा उलटते. एसएस-क्यूओएलमध्ये जास्त गुण चांगले, तर ईक्यू-५डी-५एल या तब्येतीच्या सर्वसाधारण प्रश्नावलीच्या पाच प्रश्नांत १ म्हणजे काहीच त्रास नाही. तिथला २१२३२ हा आकडा नसून पाच उत्तरांचा कोड आहे, त्याची सरासरी काढायची नसते.

शेवटी एसएस-क्यूओएलचे एकूण गुण. चालण्या-फिरण्याचे सहा प्रश्न २ वरून ३ वर गेले, म्हणजे अधिक ६. मनःस्थितीचे पाच ४ वरून ३ वर घसरले, म्हणजे उणे ५. २४५ पैकी बेरीज जेमतेम १ ने वाढली आणि फाइलवर ‘स्थिर’ असा शेरा पडला! बाराही विभागांचे गुण स्वतंत्र लिहा. मनःस्थिती घसरलेली दिसली की त्याच भेटीत पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली घ्या. त्यातल्या नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या प्रश्नावर शून्याहून जास्त उत्तर आलं, तर पेशंट घरी निघण्याआधी डॉक्टरांना सांगा.