स्वयंचलित ट्रेडिंगसाठी दूरस्थ सर्व्हर कसा उभारावा

सौदे घेणारे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालवता येते, परंतु सौदा उघडा असताना वीज गेली, इंटरनेट तुटले किंवा संगणक परस्पर स्लीप मोडमध्ये गेला, तर त्या सौद्याकडे लक्ष देणारे कोणी उरत नाही. याच कारणासाठी डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, भाड्याने घेतला जातो. विक्रेते त्याच्या वेगाची जाहिरात करतात, पण बहुतेकांना खरी गरज अखंडतेची असते. म्हणून उभारणी करताना एकच कसोटी समोर ठेवावी: सर्व्हर मध्यरात्री अचानक रीस्टार्ट झाला, तर कोणीही हात न लावता सॉफ्टवेअर योग्य स्थितीत पुन्हा चालू झाले पाहिजे आणि सर्व्हर परत सुरू झालाच नाही, तरी उघडे सौदे उघड्यावर पडता कामा नयेत. पुढील विवेचन मुख्यतः विंडोज सर्व्हरवर मेटाट्रेडर हे सौदे करण्याचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांसाठी आहे. पायथॉन आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आवश्यक तेवढे शेवटी दिले आहे.

जागा आणि क्षमता

सर्व्हरची जागा आपल्या घराच्या नव्हे, तर ब्रोकरच्या ट्रेड सर्व्हरच्या जवळ असावी. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, म्हणजे मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातील अंतर सुमारे ५,५७० किलोमीटर असल्यामुळे संदेश जाऊन परत येण्यास किमान ५६ मिलिसेकंद लागणारच. कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी हा आकडा कमी होत नाही, उलट वाटेतील वळणे आणि उपकरणे यांमुळे वाढतोच. परकीय चलनाच्या अनेक ब्रोकरांचे सर्व्हर लंडनजवळ स्लाउ येथील एलडी४ किंवा न्यूयॉर्कशेजारी सिकॉकस येथील एनवाय४ या इक्विनिक्सच्या डेटा सेंटरांत असतात. आपल्या ब्रोकरचा सर्व्हर कोठे आहे हे त्याला थेट विचारावे आणि त्याच शहरातला व्हीपीएस घ्यावा. टर्मिनलमधून, म्हणजे आपण चालवत असलेल्या मेटाट्रेडर प्रोग्रॅममधून, पिंगचा (संदेश जाऊन परत येण्याच्या वेळेचा) आकडा पाहून खात्री करता येते, त्यामुळे वर्षाचे भाडे आगाऊ भरण्याऐवजी पहिल्यांदा महिनाभरासाठीच सर्व्हर घेणे शहाणपणाचे. अर्थात, तासाची मेणबत्ती (चार्टवरील तासाभराच्या भावाची नोंद) पूर्ण झाल्यावर निर्णय घेणाऱ्या पद्धतीला २ आणि ४० मिलिसेकंदांतला फरक जाणवतही नाही. काही पिप्सच्या (भावातील सूक्ष्म बदलांच्या) नफ्यावर चालणाऱ्या स्काल्पिंगला, म्हणजे झटपट सौद्यांच्या पद्धतीला, तो जाणवतो.

एक-दोन टर्मिनलसाठी २ जीबी रॅम कामचलाऊ आहे. त्याहून अधिक चालवायचे असतील, तर ४ जीबीपासून सुरुवात करावी, कारण विंडोज स्वतःच बरीच मेमरी घेते. चार्टवरील बारची कमाल संख्या कमी केली, मार्केट वॉचमधून न लागणारी चिन्हे काढली आणि बातम्यांचा प्रवाह बंद केला, तर मेमरीचा वापर लक्षणीय घटतो. बॅकटेस्ट (जुन्या भावांवर पद्धतीची चाचणी) आणि ऑप्टिमायझेशन (तिच्या योग्य सेटिंगचा शोध) मात्र या सर्व्हरवर कदापि करू नये. प्रोसेसर त्यात गुंतला की चालू सौद्यांचे टिक, म्हणजे भावातील प्रत्येक बदलाचे संदेश, रांगेत अडकतात.

मेटाट्रेडर बनवणाऱ्या मेटाकोट्सची स्वतःची होस्टिंग सेवा टर्मिनलमधूनच घेता येते आणि तीत विंडोज सांभाळण्याची कटकट नसते. परंतु तेथे डीएलएल (बाहेरच्या कोडच्या फाइली) वापरणारे एक्स्पर्ट, म्हणजे टर्मिनलमध्ये आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम, चालत नाहीत आणि टर्मिनलखेरीज दुसरे काही बसवताही येत नाही. साध्या एक्स्पर्टसाठी ती पुरेशी आहे, आणि ज्यांचे काम तेवढ्यात भागते त्यांनी पुढचा खटाटोप करू नये.

दारे बंद करणे

सर्व्हर सुरू होताच त्याला सार्वजनिक आयपी पत्ता मिळतो आणि रिमोट डेस्कटॉपच्या (दुरून सर्व्हरचा पडदा वापरण्याच्या सोयीच्या) ३३८९ या पोर्टवर पासवर्ड आजमावणारे स्वयंचलित प्रयत्न थोड्याच वेळात सुरू होतात. म्हणून सॉफ्टवेअर बसवण्याआधी सुरक्षेचे काम उरकावे. विक्रेत्याने ईमेलने पाठवलेला पासवर्ड लगेच बदलावा, नव्या नावाचे खाते तयार करून ॲडमिनिस्ट्रेटर हे मूळ खाते बंद करावे, आणि ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड पडल्यास खाते काही काळ कुलूपबंद होईल अशी मर्यादा घालावी. पोर्टचा क्रमांक बदलल्याने लॉगमधील गोंगाट कमी होतो एवढेच. त्याला सुरक्षा समजू नये. खरा उपाय म्हणजे फायरवॉलमध्ये हे पोर्ट फक्त आपल्या आयपी पत्त्यासाठी खुले ठेवणे. घरचा पत्ता बदलत असेल, तर सर्व्हरवर वायरगार्डसारखा व्हीपीएन (सांकेतिक खासगी जोडणी) बसवून रिमोट डेस्कटॉप त्याच्या आतूनच उपलब्ध ठेवावा. या सर्व्हरवर ईमेल उघडणे, ब्राउझरमध्ये भटकणे किंवा कोठून तरी मिळालेले फुकटचे एक्स्पर्ट चाखून पाहणे हे पूर्णपणे वर्ज्य मानावे.

टर्मिनल बसवणे

टर्मिनल ब्रोकरच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे. एकापेक्षा अधिक टर्मिनल चालवायचे असतील, तर प्रत्येकासाठी स्वतंत्र फोल्डर करून त्यांच्या शॉर्टकटला 'पोर्टेबल' हा स्विच जोडावा. एरवी मेटाट्रेडर आपली माहिती वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, लांबलचक सांकेतिक नावाच्या उपफोल्डरात ठेवते आणि कोणता फोल्डर कोणत्या टर्मिनलचा हे ओळखणे जिकिरीचे होते.

एक्स्पर्टची फाइल हलवली म्हणजे स्थलांतर झाले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात इंडिकेटर, लायब्ररी, सेटिंगच्या सेट फाइली, 'फाइल्स' फोल्डरात एक्स्पर्टने स्वतः लिहिलेली माहिती आणि टर्मिनलमधील ग्लोबल व्हेरिएबल हे सारे सोबत न्यावे लागते. शिवाय पर्यायांच्या खिडकीतील परवानग्या नव्या यंत्रावर नव्याने द्याव्या लागतात: डीएलएल वापरण्याची मुभा (आणि तीही खरोखर गरज असेल तरच), वेबरिक्वेस्टसाठी (एक्स्पर्टने इंटरनेटवर पाठवायच्या विनंत्यांसाठी) मान्य केलेल्या पत्त्यांची यादी, आणि वरच्या पट्टीवरचे 'अल्गो ट्रेडिंग' हे बटण. ते बटण बंद असले, तरी चार्ट हलत राहतात, भाव बदलत राहतात आणि सर्व काही सुरळीत असल्याचा भास होतो. सौदे मात्र होत नाहीत. एमटी४, म्हणजे मेटाट्रेडर ४मध्ये, चार्टच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हसरा चेहरा दिसला, म्हणजे एक्स्पर्टला सौद्याची परवानगी आहे. 'खाते बदलल्यास स्वयंचलित ट्रेडिंग बंद करा' असाही एक पर्याय त्याच खिडकीत असतो; डेमोवरून खऱ्या खात्यावर जाताना बटण आपोआप बंद पडण्याचे कारण बहुधा तोच असतो.

सर्व चार्ट मनासारखे लागले, की टर्मिनल नीट बंद करून पुन्हा उघडावे. चार्टांची मांडणी बंद होताना जतन होते. ही पायरी गाळली आणि सर्व्हर अचानक पडला, तर नुकताच जोडलेला एक्स्पर्ट परत येईलच असे नाही.

डिस्कनेक्ट, साइन आउट आणि रीस्टार्ट

रिमोट डेस्कटॉपची खिडकी वरच्या फुलीने बंद केली, की आपण फक्त डिस्कनेक्ट होतो आणि सर्व्हरवरील प्रोग्रॅम चालूच राहतात. स्टार्ट मेनूतून साइन आउट केले, तर त्या खात्यात उघडलेले सर्व प्रोग्रॅम बंद होतात, टर्मिनलसुद्धा. सर्व्हर वापरणारे दोघे असतील, तर दुसऱ्याला हे आधी सांगून ठेवावे. आणखी एक बारीक मुद्दा असा की, जे सॉफ्टवेअर पडद्यावरील बटणे माउसने दाबून सौदे करते, ते डिस्कनेक्ट झाल्यावर निकामी होऊ शकते, कारण त्या वेळी पडदाच रेखाटला जात नाही. एक्स्पर्ट किंवा एपीआयवर (प्रोग्रॅमने ब्रोकरशी थेट बोलण्याच्या मार्गावर) चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ही अडचण येत नाही.

रीस्टार्टनंतर टर्मिनल आपोआप उघडण्यासाठी त्याचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवावा. परंतु तेवढ्याने भागत नाही, कारण त्या फोल्डरमधील प्रोग्रॅम कोणीतरी लॉगिन केल्यावरच सुरू होतात आणि रात्री तीन वाजता लॉगिन करणारे तेथे कोणी नसते. यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील 'ऑटोलॉगऑन' वापरावे. ते पासवर्ड सांकेतिक रूपात साठवून सर्व्हर चालू होताच त्या खात्यात प्रवेश करून देते. टर्मिनलमध्ये खात्याचा पासवर्ड जतन केलेला असावा, अन्यथा ते उघडेल पण जोडले जाणार नाही.

विंडोज अपडेट बंद करून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. इंटरनेटला थेट जोडलेल्या यंत्राबाबत तो घातक आहे. ग्रुप पॉलिसीतून स्वयंचलित रीस्टार्ट रोखून अपडेट बाजार बंद असताना स्वतः बसवणे हा मधला मार्ग योग्य ठरतो. परकीय चलनाचा बाजार न्यूयॉर्कच्या वेळेनुसार शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता बंद होतो आणि रविवारी संध्याकाळी ५ वाजता उघडतो. ही सुमारे ४८ तासांची फट त्यासाठी भरपूर आहे. क्रिप्टोला अशी सुट्टी नसल्याने तेथे उघडे सौदे नसतील असा वेळ निवडावा लागतो.

यानंतर डेमो खाते जोडून सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करावा, रिमोट डेस्कटॉपने आत न जाता काही मिनिटे थांबावे, आणि फोनवरील ॲपमध्ये एक्स्पर्ट सौदे हाताळत आहे का ते पाहावे. हीच चाचणी एखादा सौदा उघडा असताना पुन्हा करावी. काही एक्स्पर्ट आपली स्थिती केवळ मेमरीत ठेवतात. रीस्टार्टनंतर त्यांना जुना सौदा आठवत नाही आणि ते त्याच दिशेने दुसरा घेतात. चांगला एक्स्पर्ट सुरू होताच खात्यातील उघडे सौदे आपल्या मॅजिक नंबरवरून (प्रत्येक सौद्यावर एक्स्पर्टने टाकलेल्या ओळखक्रमांकावरून) ओळखून घेतो. ही चाचणी न पार केलेला एक्स्पर्ट खऱ्या पैशांवर लावू नये, मग त्याचा बॅकटेस्ट कितीही देखणा असो.

सर्व्हर पडला तर

स्टॉपलॉस (तोट्याची मर्यादा), टेक प्रॉफिट (नफ्याची पातळी) आणि पेंडिंग ऑर्डर (ठरलेल्या भावाची वाट पाहणाऱ्या ऑर्डर) ब्रोकरच्या सर्व्हरवर नोंदलेल्या असतात, त्यामुळे आपले टर्मिनल बंद पडले तरी त्या लागू राहतात. मेटाट्रेडरचा ट्रेलिंग स्टॉप, म्हणजे भावामागे सरकणारा स्टॉपलॉस, मात्र टर्मिनलमधून चालतो. टर्मिनल थांबले, की तो शेवटच्या पातळीवर गोठतो. काही एक्स्पर्ट स्टॉपलॉस ब्रोकरपासून लपवून स्वतःच्या मेमरीत ठेवतात आणि हे त्यांचे वैशिष्ट्य म्हणून मिरवतात. सर्व्हर पडताच त्या सौद्याला कोणतेही संरक्षण उरत नाही. असा एक्स्पर्ट वापरायचाच असेल, तर त्याच्या मागे ब्रोकरकडे नोंदलेला एक दूरचा, आणीबाणीचा स्टॉपलॉस तरी असावा.

पाळत नेहमी बाहेरून ठेवावी, कारण बंद पडलेला सर्व्हर आपण बंद पडल्याचे कळवू शकत नाही. एक्स्पर्टने दर काही मिनिटांनी एखाद्या बाहेरच्या सेवेला खुणेचा संदेश पाठवावा आणि तो आला नाही, की त्या सेवेने आपल्याला सावध करावे, ही रचना सर्वांत भरवशाची. खाते नुसते पाहण्यासाठी फोनवर इन्व्हेस्टर पासवर्ड वापरावा; त्याने सौदे दिसतात पण करता येत नाहीत. मात्र आणीबाणीत सौदे हाताने बंद करता यावेत म्हणून मुख्य पासवर्ड आणि ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा क्रमांक सर्व्हरबाहेर सुरक्षित ठेवावा.

घड्याळाबद्दलही सावध राहावे. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवला, तर लॉग वाचणे सोपे जाते, परंतु ब्रोकरची वेळ वेगळी असते आणि ती ऋतूनुसार बदलतेही. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातील फरक ५ ऐवजी ४ तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटी असाच एक आठवडा येतो. ठरावीक तासाला सौदे करणारे एक्स्पर्ट नेमके याच काळात तासभर चुकतात.

लिनक्स आणि पायथॉन

ब्रोकरचा किंवा एक्स्चेंजचा एपीआय वापरणाऱ्यांना लिनक्स अधिक सोयीचे पडते, कारण १ जीबी रॅमवरही काम भागते. एसएसएचमध्ये (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या मार्गात) पासवर्डने आणि रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून होणारा प्रवेश बंद करून केवळ किल्लीने (सांकेतिक की फाइलने) प्रवेश ठेवावा. प्रोग्रॅम टीमक्समध्ये (आपण बाहेर पडल्यावरही चालू राहणाऱ्या खिडकीत) चालू सोडून जाण्याची सवय अनेकांना असते, पण रीस्टार्टनंतर तो परत येत नाही. त्याऐवजी सिस्टमडीची (लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सेवा लिहून तिला नेटवर्क मिळाल्यानंतर सुरू होण्याची आणि बंद पडल्यास पुन्हा उठण्याची सूचना द्यावी. पुन्हा उठण्याआधी काही सेकंदांचा विराम आणि प्रयत्नांना मर्यादा असावी, नाहीतर सदोष प्रोग्रॅम उठून ऑर्डर टाकत आणि पडत राहील. एपीआय किल्ली कोडमध्ये न लिहिता केवळ त्या सेवेच्या खात्याला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, तिला पैसे काढण्याची परवानगी देऊ नये आणि ती सर्व्हरच्या आयपी पत्त्यापुरती बांधावी. वेळेसाठी क्रोनी हे घड्याळ जुळवणारे सॉफ्टवेअर चालू ठेवावे, कारण घड्याळ मागेपुढे झाले, की अनेक एक्स्चेंज सही केलेली विनंती नाकारतात. लॉग फाइलींची फेरपालट लावली नाही, तर डिस्क भरून प्रोग्रॅम थांबतो.

जुन्या यंत्रावरून नव्यावर

जुलै २०१२च्या अखेरीस अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर बाजारात सौदे करणाऱ्या कंपनीने आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा कोड बसवला. आठव्यावर जुनाच राहिला, आणि १ ऑगस्टला सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. लहान प्रमाणात हाच प्रकार घरच्या संगणकावरचे टर्मिनल बंद न करता सर्व्हर सुरू करणाऱ्यांच्या बाबतीत घडतो: दोन्हीकडचे एक्स्पर्ट एकाच खात्यावर दुप्पट सौदे घेतात किंवा एकमेकांचे सौदे बंद करतात. म्हणून बाजार बंद असताना आणि शक्यतो एकही सौदा उघडा नसताना स्थलांतर करावे. आधी जुन्या यंत्रावरचे एक्स्पर्ट चार्टवरून काढावेत, त्या टर्मिनलचे स्टार्टअपमधील शॉर्टकट पुसावेत, आणि मगच सर्व्हरवरचे 'अल्गो ट्रेडिंग' बटण दाबावे. पहिले काही आठवडे सर्वांत लहान लॉटवर (सौद्याच्या आकारावर) काढावेत आणि रोज एकदा एक्स्पर्ट व जर्नल हे दोन टॅब उघडून लाल खुणेच्या ओळी वाचाव्यात.