अण्णांची मूठ उघडताना : करंटचं मशीन घरी कसं लावायचं

दिवाळीनंतर अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी, म्हणून उजवा हात गेला. परभणीहून सेलूला घरी आणलं तेव्हा मूठ गच्च मिटलेली. फिजिओताईंनी करंट देऊन स्नायू हलवणारं मशीन लावायला शिकवलं, ते सांगतो.

आधी डॉक्टरांना विचारा. पेसमेकर असेल तर लावायचंच नाही. फिट येत असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय नको. जखमेवर, गळ्यावर मशीनचे चिकटणारे पॅड नकोत. दुकानात दुखण्यावरचं टेन्स मशीन असंच दिसतं. आपल्याला स्नायू आकसवणारं हवं.

आपल्याकडं लकव्याला तेल चोळतातच. ते साबणाच्या ओल्या फडक्यानं पूर्ण पुसा. तेल राहिलं की पॅड नीट चिकटत नाही, करंट एकाच कोपऱ्यात गोळा होतो आणि चटका बसतो. अण्णांना त्या हाताला नीट कळत नाही, म्हणून "भाजतंय का?" विचारून भागत नाही, पॅड काढून कातडी मी स्वतः बघतो.

हात पालथा ठेवा. एक पॅड कोपराच्या खाली तीन बोटं अंतरावर, दुसरं मनगटाच्या वर चार बोटं अंतरावर, दोन्ही हाताच्या वरच्या, पाठीकडच्या बाजूला. मनगट अंगठ्याकडं वाकडं उचललं जात असेल तर पॅड करंगळीकडं थोडं सरकवा. अर्धा इंच सरकवलं की बोटं उघडताना दिसतात. आम्हाला 35 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला करंटचे 35 ठोके, सांगितलंय. 5 सेकंद चालू, 10 सेकंद बंद, वीस मिनिटं. करंट बोटं उघडेपर्यंतच वाढवायचा.

पहिले पंधरा दिवस मी मशीन लावून दूध काढायला जायचो, अण्णा टीव्ही बघायचे. हात हलायचा, पण मशीन काढलं की मूठ तशीच. ताई म्हणाल्या, "दादा, हुकूम अण्णांच्या डोक्यातून सुटला पाहिजे." अण्णा मनानं जोर लावतात त्याच क्षणी हात उघडल्याची खबर स्नायूंकडून मेंदूत पोचली, तर तिथल्या जोडण्या पक्क्या व्हायला मदत होते. तेव्हापासून मी समोर बसतो. करंट आला की "अण्णा, उघडा!" म्हणतो, रिकामा स्टीलचा ग्लास बोटांत सरकवतो. करंट थांबला की "धरा."

वीस मिनिटं झाली की लगेच पाच वेळा मशीनशिवाय. परवा तिसऱ्या वेळी अंगठा आपसूक सुटला. अण्णा त्याच्याकडं बघतच राहिले, मग म्हणाले, "अजून एकदा ग्लास दे."